खोक्यावरचा आकडा आणि आपली मोजपट्टी



छंद म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेट्यांची चित्रं, शंखशिंपले. खरं ना? माझा छंद मात्र थोडा वेगळा आहे. सांगितला की मोठी माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "बाई, तुम्ही? आणि बंदुका?"

हो, बंदुका! पण खेळण्यातल्या बरं का. रंगीत प्लॅस्टिकच्या, फोमची मऊ गोळी उडवणाऱ्या. त्यांना इंग्रजीत ब्लास्टर म्हणतात आणि गोळीला म्हणतात डार्ट. तुमच्यापैकी अनेकांनी त्या दुकानात पाहिल्या असतील, काहींच्या घरी असतीलही. माझ्या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा त्यांनीच भरला आहे. नवा ब्लास्टर हाती आला की मी तो चालवून पाहते, खोलून पाहते आणि तो कसा आहे ते वहीत लिहून ठेवते. अशा लिहिण्याला परीक्षण म्हणतात. नाटकाचं परीक्षण असतं, पुस्तकाचं असतं, तसंच खेळण्याचंही!

आज मी तुम्हांला या वहीची गोष्ट सांगणार आहे. ती सुरू झाली माझ्याच एका चुकीपासून.

बाई, तुम्ही मोजलं होतं का?

आमच्या शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं. मुलांबरोबर मीही एका टेबलावर माझे ब्लास्टर मांडले. टेबलाभोवती ही गर्दी! चौथीतला एक मुलगा मात्र तिथून हलेचना. मोटरवर चालणारा एक मोठा ब्लास्टर त्याच्या मनात भरला होता. त्याने विचारलं, "बाई, हा चांगला आहे?"

मी म्हटलं, "एकदम झकास! अरे, मैदानाच्या पार जाईल गोळी."

तो ब्लास्टर माझ्याकडे नवाच आला होता. मी तो दोनदा-तीनदा घरात उडवला होता, इतकंच. मैदानाची गोष्ट मी खोक्यावरचा आकडा वाचून ठोकून दिली होती.

दिवाळी झाली. त्या मुलाने आपला मातीचा गल्ला फोडला. त्यात आजीने दिलेले, मामाने दिलेले असे वर्षभराचे पैसे होते. त्यात भाऊबीजेची भर पडली आणि त्याने अगदी तस्साच ब्लास्टर विकत आणला. सुट्टी संपून शाळा भरली. मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आनंदाने उड्या मारत सांगेल. पण त्याचा चेहरा पडलेला.

"बाई, गोळी व्हरांड्याच्या अर्ध्यातच पडते. आणि सेल दोन दिवसांत उतरले. बाबा म्हणतात, आता पुन्हा सेल मिळणार नाहीत."

मी म्हटलं, "असं कसं होईल? खोक्यावर तर..."

तो हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही मोजलं होतं का?"

काय उत्तर देणार? मोजलं नव्हतं. वर्गात मी रोज सांगते, "उत्तर पाठ करू नका, गणित करून बघा." आणि मी स्वतः काय केलं होतं? खोक्यावरचं उत्तर पाठ म्हणून दाखवलं होतं! त्यात वर्षभराची बचत गेली होती, पण माझी नव्हे, त्याची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी मोजपट्टी, खडू आणि एक कोरी वही घेतली. वहीवर त्यानेच नाव घातलं, 'कसोटी वही'. तेव्हापासून मोजल्याशिवाय कुठल्याही खेळण्याला मी चांगलं म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही.

आधी थोडा इतिहास

पण परीक्षण करायचं तर वस्तू आली कुठून आणि चालते कशी, हे ठाऊक हवं. चला, आधी अमेरिकेत जाऊ.

तिथे रेन गायर नावाचे एक खेळ शोधून काढणारे गृहस्थ होते. रंगीत ठिपक्यांच्या चटईवर हातपाय ठेवायचा 'ट्विस्टर' हा खेळ त्यांच्याच डोक्यातून निघालेला. १९६९ साली ते आणि त्यांचे सोबती गुहेत राहणाऱ्या आदिमानवांचा एक खेळ तयार करत होते. त्यात दगड होते, पण फोमचे. गंमत अशी झाली, की खेळ बाजूला राहिला आणि सगळे जण ते मऊ दगड एकमेकांना फेकून मारण्यातच रमले! मग दगडांचा चेंडू झाला. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो घेतला आणि १९७० साली 'नर्फ' या नावाने बाजारात आणला. सुमारे चार इंचांचा तो फोमचा चेंडू. घरात खेळलं तरी दिवा फुटणार नाही, काच तडकणार नाही, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून जास्त चेंडू खपले.

चेंडू उडवणारं खेळणं यायला मात्र १९८९ साल उजाडलं. त्याचं नाव 'ब्लास्ट-अ-बॉल'. मूठ जोराने पुढे ढकलली, की नळीतून फोमचा चेंडू भुर्रकन बाहेर. १९९१ साली नर्फ हे नाव हॅस्ब्रो या मोठ्या कंपनीकडे गेलं. १९९२ साली 'शार्पशूटर' आला आणि चेंडूच्या जागी लांबट डार्ट आला. आज आपण जो ब्लास्टर ओळखतो, त्याची सुरुवात ही अशी.

याच सुमारास आणखी एक खेळणं गाजत होतं, 'सुपर सोकर' ही पाण्याची बंदूक. ती कोणी शोधली, ठाऊक आहे? लॉनी जॉन्सन या अभियंत्याने. हे जॉन्सन गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या 'गॅलिलिओ' यानाच्या कामावर होते. १९८२ साली ते घरी वेगळ्याच एका यंत्राचा प्रयोग करत होते. न्हाणीघरातल्या नळाला त्यांनी एक तोटी जोडली आणि पाण्याची अशी जोरदार चिळकांडी उडाली, की त्यांच्या मनात आलं, याची पिचकारी झकास होईल! ती दुकानात यायला १९९० साल लागलं. मधली आठ वर्षं ते खटपट करत होते. पुढे त्यांनी फोमच्या डार्टचे ब्लास्टरही तयार केले.

आणि ही खेळणी आता संग्रहालयातही पोचली आहेत बरं का! अमेरिकेत रोचेस्टर शहरात खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. तिथल्या मानाच्या यादीत २०१५ साली सुपर सोकरला जागा मिळाली आणि २०२३ साली नर्फला. तेव्हा कोणी माझ्या कपाटाला हसलं, की मी हे सांगते.

पोटात काय असतं?

या बंदुकीत दारू नसते, टिकली नसते. मग गोळी उडते कशी? साधारण तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा स्प्रिंगची. सायकलला हवा भरायचा पंप आठवा. नळीत दट्ट्या असतो. ब्लास्टरची दांडी मागे ओढली, की हा दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. 'खट्' असा आवाज येऊन ती तिथेच अडकते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, नळीतली हवा दाबली जाते आणि ती हवा डार्टला बाहेर ढकलते. म्हणजे डार्टला मारतं कोण? स्प्रिंग नव्हे, हवा! म्हणूनच दट्ट्याभोवतीचं रबराचं वायसर सुकलं किंवा झिजलं, की हवा मागच्या मागे निसटते आणि डार्ट टपकन पायाशी पडतो.

ही युक्ती काही परदेशातलीच नाही. छत्तीसगडमध्ये बस्तर भागात, जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा उत्सव असतो. तिथे बांबूची 'तुपकी' करतात. बांबूच्या नळीत पेंग नावाची छोटी फळं घालायची आणि मागून काठीने दट्ट्यासारखं ढकलायचं. आतली हवा दबते आणि फट्! पुढचं फळ उडतं. आहे की नाही आपल्याकडचा ब्लास्टर?

दुसरी तऱ्हा मोटरची. क्रिकेटच्या सरावात चेंडू टाकणारं यंत्र पाहिलंत? त्यात दोन चाकं एकमेकांच्या उलट दिशेने गरगर फिरतात, चेंडू त्यांच्या फटीत सापडला की जोराने फेकला जातो. इथेही तसंच, फक्त चाकं लहान आणि सेलवर चालणारी. यात एक मेख आहे. चाकाची कड जेवढ्या वेगाने फिरते, त्याहून जास्त वेग डार्टला मिळूच शकत नाही. सेल उतरले की चाकं मंदावतात आणि डार्टही मंदावतो. आमच्या त्या मुलाचं निम्मं दुखणं हेच होतं.

तिसरी तऱ्हा साठवलेल्या हवेची. आधी पंप मारून टाकीत हवा कोंबायची आणि चाप ओढून ती एकदम सोडायची.

आता डार्टकडे पाहू. नर्फने २०१२ साली 'एलिट' नावाची मालिका आणली. तिचा डार्ट सुमारे सात सेंटीमीटर लांब आणि सव्वा सेंटीमीटर जाड. वजन साधारण एक ग्रॅम. आपला क्रिकेटचा चेंडू साधारण एकशे साठ ग्रॅमचा असतो. म्हणजे एका चेंडूच्या वजनात सुमारे एकशे साठ डार्ट! इतका हलका असल्यामुळेच डार्ट लवकर दमतो. हवा त्याला अडवते आणि त्याचा वेग भराभर कमी होतो.

'पर्यंत' हा शब्द नीट वाचा

एलिटच्या खोक्यावर ७५ फुटांचा आकडा होता. २०२० साली 'एलिट २.०' आली, तिच्या खोक्यावर ९० फूट म्हणजे २७ मीटर. मग हे खोटं का? तसं नाही. तिथे लिहिलेलं असतं, '९० फुटांपर्यंत'. व्याकरणाच्या तासाला 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय म्हणून तुम्ही शिकता ना? बाजारात गेल्यावर ते फार उपयोगी पडतं! 'पर्यंत' म्हणजे जास्तीत जास्त. सगळं जुळून आलं, तोंड वर करून उडवलं, तर जाईल तिथवर. पण खेळताना आपण आभाळाकडे नेम धरतो का? आपण समोर, सरळ धरतो. सरळ उडवलेला डार्ट किती जातो, हे खोक्यावर नसतं. ते आपण मोजायचं.

कसोटी अशी घ्या

पहिली कसोटी अंतराची. ब्लास्टर हातात धरू नका, हात हलतो. एक स्टूल घ्या, त्यावर वह्यापुस्तकांची चळत रचा आणि ब्लास्टरचं तोंड जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच येईल असं करा. ब्लास्टर सरळ, आडवा हवा. गवंडीकाकांकडे पाणसळ असते, ती वर ठेवून बघा. आता एकामागून एक दहा डार्ट उडवा. डार्ट जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो, तिथे खडूने खूण करा. घसरत पुढे गेला ते अंतर धरायचं नाही! दहाच्या दहा अंतरं लिहा. सगळ्यांत लांबचंच लिहायचं, ही लबाडी झाली.

आता गंमत पाहा. एक मीटर उंचीवरून कुठलीही वस्तू सोडली, तर ती जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. सरळ पुढे उडवलेला डार्टही साधारण तेवढ्याच वेळात खाली येतो. पुढे तो किती वेगात चालला आहे, याच्याशी खाली पडण्याचा फारसा संबंध नाही. मग अंतराला ०.४५ ने भागा. काय मिळालं? वेग! समजा, डार्ट ७ मीटरवर पडला. ७ भागिले ०.४५ म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर, म्हणजेच तासाला ५६ किलोमीटर. वाटेत हवेने त्याला अडवलेलं असतं, म्हणून नळीतून सुटतानाचा खरा वेग याहून जास्तच असतो. काही हौशी लोक यासाठी वेग मोजणारं महागडं यंत्र घेतात. आपलं काम स्टूल, मोजपट्टी आणि भागाकारावर भागतं.

आणि उलटं गणित करा. सेकंदाला २० मीटर वेग असला, तरी सरळ उडवलेला डार्ट ०.४५ सेकंदांत फार तर ९ मीटर जाणार. हवा अडवते म्हणून त्याहूनही कमी. आता कळलं, तो व्हरांड्याच्या अर्ध्यात का पडत होता?

दुसरी कसोटी नेमाची. भिंतीवर खडूने ताटाएवढं वर्तुळ काढा. पाच मीटरवरून दहा डार्ट उडवा. किती आत लागले?

तिसरी कसोटी हातांची. दांडी ओढायला किती जोर लागतो? माझ्या हाताला हलकी वाटणारी दांडी दुसरीतल्या मुलीला ओढवत नाही. म्हणून ही कसोटी मी घेत नाही, मुलांना घ्यायला सांगते. ज्याचं खेळणं, त्याचा हात!

चौथी कसोटी अडकण्याची. तीस डार्टमध्ये किती वेळा अडकला आणि तो काढायला किती त्रास झाला?

पाचवी कसोटी खर्चाची. यात नुसती किंमत धरू नका. सेल किती लागतात? डार्ट हरवले तर सुटे मिळतात का? आत साध्या स्क्रूने बसवलंय, की बिघडलं तर फेकूनच द्यावं लागेल? आमच्या त्या मुलाला कोणी हे आधी सांगितलं असतं, तर त्याने सेलचा ब्लास्टर घेतलाच नसता.

एक लक्षात ठेवा. सगळ्या ब्लास्टरांची कसोटी सारख्याच डार्टने घ्या. चेपलेले डार्ट वापरले, तर दोष ब्लास्टरचा की डार्टचा, हे कळणार कसं? त्या मुलाने आपले डार्ट दप्तरात कोंबले होते. निम्मे वाकडे झाले होते!

कपाटातले तिघे

आता माझ्या कपाटातल्या तीन नर्फ ब्लास्टरांची ओळख करून देते.

'जोल्ट' हा सगळ्यांत धाकटा. मुठीएवढा. एका वेळी एकच डार्ट. खालची मूठ खेचायची, डार्ट लावायचा आणि चाप ओढायचा. दिसायला खेळण्यातलं खेळणं, पण स्प्रिंगची हवा पुरेपूर वापरतो. दोष असा, की प्रत्येक वेळी नवा डार्ट लावावा लागतो आणि मूठ लहान असल्याने बोटं दुखतात. पण मला हा आवडतो. एकच डार्ट असला, की माणूस नेम नीट धरतो!

'स्ट्राँगआर्म' २०१२ साली आला. त्याला सहा डार्टांची गोल चकरी आहे. कळ दाबली की चकरी बाजूला उघडते. डार्ट भरायचे, बंद करायची, मागचा सरकता भाग ओढायचा आणि चाप दाबायचा. चकरी आपोआप पुढच्या घरावर येते. चाप दाबून धरला आणि सरकता भाग भराभर मागेपुढे केला, तर डार्टही भराभर सुटतात. पण तेव्हा नेमाचे तीनतेरा वाजतात. सेल लागत नाहीत, हा याचा मोठा गुण. एकच घ्यायचा असेल, तर मी अशा स्प्रिंगच्या चकरीवाल्याला पहिला नंबर देते.

'स्ट्राईफ' हाही २०१२ सालचा, पण मोटरवाला. त्याला चार सेल लागतात. डार्ट मॅगझिनमध्ये भरायचे. मॅगझिन म्हणजे तुमच्या हातात आहे ते नव्हे हं, डार्टांची डबी! आधी खालची कळ दाबून चाकं फिरवायची, क्षणभर थांबायचं आणि मग चाप ओढायचा. जो थांबत नाही, त्याचा डार्ट लटपटत जवळच पडतो. चाकांची घरघर ऐकू येते, त्यामुळे लपंडावात हा कामाचा नाही. डार्ट अडकला तर वरची खिडकी उघडून काढता येतो, ही सोय छान. हातात घेतला की सोडवत नाही, हे खरं. पण सेलचा खर्च वहीत मांडला, की मी याला दुसऱ्या नंबरवर ठेवते.

मन एक सांगतं आणि वही दुसरंच सांगते, असं पुष्कळदा होतं. परीक्षण करणाऱ्याने दोन्ही लिहावं, पण वेगवेगळं लिहावं.

डोळे दोनच आहेत

आता एक गंभीर गोष्ट. हे वाचल्याशिवाय पान उलटू नका.

फोम मऊ असतो, मग लागणार कसं, असं वाटतं ना? लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली तीन रुग्णांची हकिगत छापली. तिघांच्याही डोळ्याला अशा खेळण्यातला डार्ट लागला होता आणि डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त उतरलं होतं. त्यांत दोन मोठी माणसं होती आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. खेळताना संरक्षक चष्मा वापरावा, असं त्या डॉक्टरांनी सुचवलं.

असं का होतं? डोळ्याभोवती हाडांची खोबण असते. मोठी वस्तू आली, तर ती बरीचशी या हाडांवर आदळते. पण सव्वा सेंटीमीटर जाडीचा डार्ट त्या खोबणीत सरळ आत जातो. हलका असला, तरी जवळून वेगाने आलेला डार्ट डोळ्याला पुरेसा आहे.

म्हणून आमच्या कसोटी वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत. चष्मा घातल्याशिवाय डार्ट भरायचा नाही. खेळायचा चष्मा डोळे बाजूंनीही झाकणारा हवा, उन्हाचा गॉगल चालत नाही. तोंडाकडे नेम धरायचा नाही. नळीत डोळा लावून बघायचं नाही. डार्टच्या जागी पेन्सिलीचा तुकडा, खडा असलं काही कोंबायचं नाही. ब्लास्टर भरून किंवा स्प्रिंग ताणून ठेवायचा नाही, त्याने स्प्रिंगही ढिली पडते. आणि जो खेळत नाही, त्याच्यावर उडवायचं नाही. मांजरावर, कुत्र्यावर तर नाहीच नाही.

खोक्यावरचं वयही बघा. एलिट आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. पण २०१५ साली आलेली 'रायव्हल' मालिका चौदा वर्षांपुढची आहे. तिच्यातला फोमचा गोळा सेकंदाला सुमारे तीस मीटर, म्हणजे तासाला ११० किलोमीटर वेगाने सुटतो. वय लिहिलंय ते आपल्याला हिणवायला नव्हे!

आणि रंग. ही खेळणी नारिंगी, निळी, पिवळी का असतात? खरी बंदूक आणि खेळणं यांत घोटाळा होऊ नये म्हणून. अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला, की खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला ठळक नारिंगी खूण हवी. काही हौशी मुलं ब्लास्टर काळा रंगवतात. तुम्ही ते कधीही करू नका.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, "बंदूक नको" असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. घरात ही वस्तू आणायची की नाही, हे आपणच ठरवायचं आणि "नाही" म्हटलं तरी त्यात मुलांचं काही बुडत नाही. पण आणायची ठरलीच, तर खेळण्यावर आयएसआयची खूण बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. खेळण्याबरोबरच चष्मा घ्या, नंतर नको. आणि दुकानात मुलाला घाई करू नका. त्याला खोका हातात घेऊन सगळं वाचू द्या, अगदी बारीक अक्षरंही. त्याने विचारलं, "बाबा, पर्यंत म्हणजे किती?" तर समजा, पैसे वसूल झाले!

त्या मुलाचं पुढे काय झालं?

विचारणार होतात ना? सांगते. आम्ही त्याच्या ब्लास्टरला नवे सेल घातले, ते मी आणले. चांगले डार्ट वापरले आणि स्टुलावरून दहा वेळा उडवलं. डार्ट आधीपेक्षा बराच पुढे गेला, पण खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपासही पोचला नाही. त्याने दहाही अंतरं सुवाच्य अक्षरांत लिहिली. खाली मत लिहायचं होतं. मला वाटलं, तो रागाने लिहील, 'घेऊ नका'. त्याने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं :

'नेम चांगला. सेल फार खातो. ज्याच्या घरी सेल देतात त्यानेच घ्यावा.'

इतकं खरं परीक्षण मला नसतं जमलं! त्याने ब्लास्टरची तक्रार केली नाही आणि खोटं कौतुकही केलं नाही. पुढच्या मुलाने काय करावं, ते सांगितलं. आता कोणाला खेळणं घ्यायचं असलं, की मुलं आधी माझ्याकडे येत नाहीत, त्याच्याकडे जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही हं!

मग, तुम्हीही लागायचं ना कामाला? ब्लास्टरच हवा असं काही नाही. भोवरा घ्या, पतंग घ्या, चावीची मोटार घ्या. एक कोरी वही काढा, मोजपट्टी घ्या आणि कसोट्या ठरवा. दहा वेळा करून पाहा, दहाही उत्तरं लिहा आणि मग मत द्या. आणि उद्या कोणी मोठं माणूस तुम्हांला म्हणालं, "एकदम झकास आहे, घेऊन टाक!" तर नम्रपणे विचारा,

"तुम्ही मोजलं होतं का?"